शंभर गुण की तीन पराभव?

[दृश्य : सोलापूर, पार्क चौक. संध्याकाळची गर्दी. एका मोबाइलच्या पडद्यावर गुणतक्ता.]

निवेदन :

२०२४-२५ च्या हंगामात लीड्स युनायटेड या फुटबॉल क्लबने इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत १०० गुण मिळवले. १९६३-६४ मध्ये याच क्लबला याच श्रेणीत ६३ गुण मिळाले होते. दोन्ही वेळा लीड्स पहिलं आलं आणि दोन्ही वेळा वरच्या श्रेणीत गेलं. मग यातला मोठा हंगाम कोणता?

सोलापुरात लीड्सचे चाहते मूठभरच आहेत. बाकी पोरांच्या अंगावर मँचेस्टर नाहीतर बार्सिलोनाचे शर्ट. पण हे मूठभर लोक पार्क चौकात चहाच्या गाड्यावर जमले की वाद हमखास याच प्रश्नावर येतो. "शंभर गुण आहेत बे, अजून काय पाहिजे?" हे एका बाजूचं म्हणणं. मी दुसऱ्या बाजूचा आहे, आणि का ते या व्हिडिओत सांगणार आहे.

[दृश्य : हातमाग, चादरीची वीण. मग लीड्समधली आर्मली गिरणी.]

लीड्स हे इंग्लंडच्या उत्तरेचं, यॉर्कशायरमधलं गाव. लोकरीच्या कापडावर वाढलेलं. तिथली आर्मली गिरणी एके काळी जगातली सर्वांत मोठी लोकरीची गिरणी होती, आज तिथे वस्तुसंग्रहालय आहे. भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसं आणि शनिवारची सुट्टी मिळाली की मैदानाकडे निघणारी माणसं तिथे एकच होती. चादरीच्या आणि टॉवेलच्या गावात वाढलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

क्रिकेट बघणाऱ्यांसाठी एवढंच : रणजीत जसे एलिट आणि प्लेट असे गट असतात, तशी इंग्लंडमध्ये फुटबॉलची एकाखाली एक उतरंड आहे. दुसऱ्या श्रेणीला पूर्वी सेकंड डिव्हिजन म्हणत, आज चॅम्पियनशिप म्हणतात. पहिले दोन संघ थेट वर जातात. २०२४-२५ मध्ये तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाचे चार संघ प्ले-ऑफ, म्हणजे बढतीसाठीचे बाद सामने, खेळले आणि त्यातला एकच वर गेला.

[दृश्य : ३ मे २०२५, प्लिमथचं मैदान.]

आधी शंभर गुण. प्रशिक्षक डॅनियल फार्के. ४६ सामने, २९ विजय, १३ बरोबरी, ४ पराभव. ९५ गोल केले, ३० खाल्ले. चारही पराभव १-० असेच. म्हणजे अख्ख्या हंगामात हा संघ कोणाकडूनही दोन गोलांनी हरला नाही. एप्रिलमध्ये स्टोकविरुद्ध ६-०, त्यात जोएल पिरूचे चार. पिरूचे हंगामात १९ झाले, त्या श्रेणीत सर्वाधिक.

शेवटच्या दिवशी बर्नली आणि लीड्स यांच्यात विजेतेपदाची चुरस होती. आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजलेले, मे महिन्याचं ऊन अजून भिंतींमधून बाहेर पडत होतं. प्लिमथने पहिला गोल केला. विली न्योंटोने बरोबरी साधली. ९० मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत मॅनॉर सॉलोमनने दुसरा मारला आणि २-१. बर्नलीचेही १०० गुणच झाले. त्यांनी तर सबंध हंगामात फक्त १६ गोल खाल्ले होते. गोलफरकावर, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले वजा करून, लीड्स पहिलं : अधिक ६५ विरुद्ध अधिक ५३.

या हंगामाची थोरवी मला मान्य आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, २०२३-२४ मध्ये, लीड्सने ९० गुण मिळवले होते आणि तरी तिसरं आलं. ९० गुण! प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात वेम्बलीवर साउथम्प्टनकडून १-० हार, आणि परत तीच श्रेणी. त्यानंतर समरव्हिल, रटर, आर्ची ग्रे असे मोहरे विकले गेले. तिथून पुन्हा उभं राहून शंभर करणं ही मोठी गोष्ट आहे.

पण तो ९० चा आकडा लक्षात ठेवा. १९८९-९० मध्ये याच क्लबने ८५ गुणांवर विजेतेपद मिळवलं होतं. ८५ ला मुकुट आणि ९० ला काहीच नाही. मग नुसत्या गुणांवर हंगाम कसे तोलायचे?

त्यात आणखी एक भानगड. आज विजयाला तीन गुण मिळतात, १९८१ च्या आधी दोनच मिळायचे, आणि तेव्हा सामने ४२. आजच्या हिशोबाने १९६३-६४ चे ६३ गुण होतात ८७. त्याच वेगाने ४६ सामने खेळले असते तर ९५ च्या आसपास. म्हणजे ६३ आणि १०० यांच्यातली दरी दिसते त्यापेक्षा फारच लहान आहे.

[दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

या श्रेणीतलं क्लबचं पहिलं विजेतेपद १९२३-२४ चं. आधीचा लीड्स सिटी हा क्लब खेळाडूंना नियमबाह्य पैसे दिल्याच्या आरोपावरून १९१९ मध्ये बंद केला गेला, खेळाडूंचा हॉटेलात लिलाव झाला. त्या राखेतून लीड्स युनायटेड उभा राहिला आणि पाचव्या वर्षात वर गेला. ५४ गुण पुरले.

मधल्या एका हंगामाकडे मात्र थांबायलाच हवं, जरी तो कुठल्याच यादीत येत नाही. १९५३-५४. वेल्सचा जॉन चार्ल्स. त्या एका हंगामात त्याने लीगमध्ये ४२ गोल केले. क्लबचा तो विक्रम आजही उभा आहे. गोल करायला पुढे आणि गरज पडली तर बचाव फळीच्या मध्यभागी, दोन्हीकडे तितकाच चोख. आणि संघ कितवा आला? दहावा. एकटा माणूस संघाला किती लांब नेऊ शकतो, याचं उत्तर त्या तक्त्यात आहे. दोन वर्षांनी, १९५५-५६ मध्ये, त्याच्याच २९ गोलांच्या जोरावर लीड्स दुसरं येऊन वर गेलं. १९५७ मध्ये युव्हेंटसने ६५,००० पौंड मोजून त्याला इटलीला नेलं. लीड्स पुन्हा घसरलं.

[दृश्य : १९९०, बोर्नमथ.]

१९८९-९०. प्रशिक्षक हॉवर्ड विल्किन्सन, कर्णधार गॉर्डन स्ट्रॅकन. मँचेस्टर युनायटेडने ३२ व्या वर्षी सोडून दिलेला माणूस लीड्सने ३ लाख पौंडांना घेतला आणि त्याने मधल्या फळीतून १६ गोल केले. हंगामाची सुरुवात न्यूकॅसलकडून ५-२ अशी मार खाऊन. शेवट बोर्नमथमध्ये ली चॅपमनच्या डोक्याने. १-०, विजेतेपद. शेफील्ड युनायटेडचेही ८५ च गुण, इथेही गोलफरक. त्या दिवशी लीड्सच्या काही चाहत्यांनी बोर्नमथमध्ये जो धुडगूस घातला तो या हंगामावरचा डाग आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही.

दोन वर्षांत, १९९२ ला, हाच क्लब इंग्लंडचा विजेता झाला. पहिल्या श्रेणीची प्रीमियर लीग होण्याआधीचा शेवटचा विजेता. म्हणून गुण कमी असले तरी मी या हंगामाला खाली ढकलणार नाही.

[दृश्य : लीड्सचं मैदान एलंड रोड, रिकामं, २०२०.]

२०१९-२०. अर्जेंटिनाचे मार्सेलो बिएल्सा. २०१८ मध्ये आले तेव्हा संघ नुकताच १३ वा आला होता. बहुतेक खेळाडू तेच ठेवले, त्यांना पळायला शिकवलं. सुरुवातीलाच खेळाडूंना तीन तास कचरा वेचायला लावला असं तिथल्या वृत्तपत्रांनी छापलं : आपला सामना बघायला येणाऱ्या माणसाला तिकिटासाठी साधारण तेवढं राबावं लागतं, हे कळावं म्हणून. पहिल्या वर्षी प्ले-ऑफमध्ये डर्बीने घात केला. दुसऱ्या वर्षी ९३ गुण, दुसऱ्या क्रमांकाच्या वेस्ट ब्रॉमपेक्षा दहा जास्त. १६ वर्षांनी क्लब वर गेला.

आणि बघायला मैदानात कोणी नव्हतं. मार्चमध्ये कोरोनाने लीग थांबली, जूनमध्ये रिकाम्या खुर्च्यांसमोर सुरू झाली. १७ एप्रिलला नॉर्मन हंटर कोरोनाने गेले. १० जुलैला जॅक चार्ल्टन गेले. दोन दिवसांनी स्वान्सीत पाब्लो हर्नांडेझने ८९ व्या मिनिटाला गोल केला, आणि १७ जुलैला बढती नक्की झाली. आठवडाभर आधी गेलेल्या माणसाला ती दिसली नाही, याची चुटपुट आजही लागते.

कारण हंटर आणि चार्ल्टन हे त्या ६३ गुणांच्या संघाचे.

[दृश्य : डॉन रेव्ही, पांढऱ्या पोशाखातला संघ.]

डॉन रेव्ही लीड्सकडूनच खेळत होते, १९६१ च्या मार्चमध्ये ते प्रशिक्षक झाले. क्लबचा निळा-सोनेरी पोशाख त्यांनी काढून टाकला आणि रेआल माद्रिदसारखा पांढरा शुभ्र घातला. हसण्यासारखीच गोष्ट होती, कारण १९६१-६२ मध्ये लीड्स १९ वं आलं. शेवटच्या दिवशी न्यूकॅसलला ३-० हरवलं म्हणून तिसऱ्या श्रेणीत जाणं टळलं. तिथून दोन वर्षांत विजेतेपद.

कसं? एव्हर्टनमधून ३१ वर्षांचा बॉबी कॉलिन्स आणला, अंगाने लहान आणि हिंमतीने दांडगा, आणि त्याच्याभोवती पोरं उभी केली. गोलरक्षक गॅरी स्प्रेक हंगाम सुरू झाला तेव्हा १८ वर्षांचा. पॉल रीनी तेवढ्याच वयाचा, हंटर आणि ब्रेम्नर विशीतले. जॉनी जाइल्सला मँचेस्टर युनायटेडकडून ३३,००० पौंडांना घेतलं. फेब्रुवारीत गोल आटायला लागल्यावर मिडल्सब्रोहून ॲलन पीकॉक.

४२ सामने, २४ विजय, १५ बरोबरी, ३ पराभव. घरच्या मैदानावर एकही हार नाही. बाहेर जाऊन घराइतकेच, १२ विजय. दुसऱ्यांच्या गावात जाऊन जिंकणं हीच त्या संघाची खरी ओळख. खेळ राकट होता, त्यावर टीकाही झाली, आणि ती अगदीच खोटी नव्हती. पण बढती नक्की झाली ती स्वान्सीत, ३-० ने, जॉन चार्ल्सच्या जन्मगावी.

गोलांच्या हिशोबात फार्केचा संघ सरस आहे, हे कागदावर दिसतंच. पण तो संघ प्रीमियर लीगमधून दोन वर्षांपूर्वीच उतरलेला होता, आणि उतरलेल्या क्लबांना वरून काही वर्षं पैसा मिळत राहतो. रेव्हींच्या पोरांच्या मागे तिसऱ्या श्रेणीची खाई होती. म्हणून माझं मत १९६३-६४ ला.

पुढच्याच वर्षी पहिल्या श्रेणीत त्यांनी ६१ गुण मिळवले, विजेत्या मँचेस्टर युनायटेडइतकेच. गोलसरासरीवर, म्हणजे केलेल्या गोलांना खाल्लेल्यांनी भागून, दुसरे आले. एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलकडून जादा वेळेत हरले. आणि तिथून १९७४ पर्यंत सलग दहा हंगाम लीड्स चौथ्या क्रमांकाच्या खाली एकदाही उतरलं नाही. १९६९ आणि १९७४ ला इंग्लंडचं विजेतेपद त्यांचं होतं. त्या दोन्ही वेळी ब्रेम्नर कर्णधार होता, आणि हंटर बचाव फळीत.