भाव कळला, पुढे काय?

मित्रहो, 14 जानेवारी 1997. आपल्याकडे संक्रांत होती. उत्तर केरळात बडगरा नावाच्या किनाऱ्यावर त्या सकाळी 11 मच्छीमार मासळी घेऊन उभे होते आणि घेणारं कुणी नव्हतं. पकडलेली मासळी फेकून द्यायची पाळी आली होती. त्याच वेळी 15 किलोमीटरच्या आत, शेजारच्या दोन किनाऱ्यांवर 27 व्यापारी मासळीच नाही म्हणून रिकाम्या हातांनी परत निघाले होते.

रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञानं टिपलेला हा प्रसंग. 15 किनाऱ्यांवरचे तारलीचे भाव तो काही वर्षं दर आठवड्याला नोंदवत होता. एका किनाऱ्यावर भाव कडाडलेला आणि शेजारी मासळी फुकट जातेय, हे नेहमीचंच होतं. होडीला कळणार कसं? आणि एका ठिकाणी लागून बाजार हुकला, की दुसरीकडे जाण्यात डिझेलही जायचं आणि वेळही.

मग मोबाइल आला. मनोरे किनाऱ्याजवळ होते, त्यामुळे वीसेक किलोमीटर आत समुद्रातही रेंज मिळायची. आता मच्छीमार जाळं ओढल्यावर चार ठिकाणी फोन करून होडी वळवू लागले. आधी 5 ते 8 टक्के मासळी वाया जायची, ते जवळपास थांबलं. मच्छीमारांचा नफा सुमारे 8 टक्क्यांनी वाढला आणि तारली खाणाऱ्याला ती 4 टक्के स्वस्त मिळाली. विकणारा आणि खाणारा, दोघांचं एकाच वेळी भलं झाल्याची उदाहरणं आमच्या विषयात फार थोडी आहेत.

हे मोबाइलमुळेच झालं असं ठामपणे का म्हणता येतं? मनोरे तिन्ही जिल्ह्यांत एकदम उभे राहिले नाहीत. आधी कोळिकोड, मग कण्णूर, शेवटी कासारगोड. जिथे रेंज आली तिथले भाव एकमेकांजवळ आले, जिथे आली नव्हती तिथे ते पूर्वीसारखेच वरखाली होत राहिले. पुढच्या जिल्ह्यात मनोरा लागला आणि तिथेही तेच घडलं. ही मांडणी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा अक्षरशः उठून उभा राहिलो होतो.

आता आपल्या घरी येऊ. मार्सेल फाफशॉं आणि बार्ट मिंटन या अर्थतज्ज्ञांनी महाराष्ट्रातल्या 100 गावांत प्रयोग केला. निवडलेल्या शेतकऱ्यांना वर्षभर मोबाइलवर बाजारभाव, हवामान आणि पिकाचा सल्ला मोफत मिळत होता. कांदा, टोमॅटो, डाळिंब, गहू, सोयाबीन ही पिकं. 2012 साली निष्कर्ष छापून आले: शेतकऱ्याच्या हाती पडलेल्या भावात म्हणण्यासारखा फरक नाही.

कुणी म्हणेल, मासळी नासते म्हणून तिथे फरक पडला. पण टोमॅटोही नासतोच की. मला वाटतं गाठ दुसरीकडे आहे. मी कांद्याच्या घरातला. वडील ज्या आडत्याकडे माल न्यायचे, त्याच्याकडूनच पेरणीला उचल घेतलेली असायची. शेजारच्या बाजार समितीत भाव जास्त आहे हे त्यांना मोबाइलच्या आधीही कळायचं, येणाराजाणारा सांगायचा. कळून करणार काय? भाड्याचा टेम्पो एकदा भरला की तो वळत नाही, आणि उचल घेतलेला माणूसही वळत नाही.

म्हणून मध्य प्रदेशातला तिसरा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. तिथे ऑक्टोबर 2000पासून आयटीसी या कंपनीनं गावोगावी ई-चौपाल, म्हणजे संगणक केंद्रं, उघडली. संगणकावर मंडीचे भाव दिसायचे, पण शिवाय कंपनी स्वतः सोयाबीन विकत घ्यायची. अपराजिता गोयल यांनी दाखवलं, की त्यामुळे खुद्द मंडीतलाच भाव सरासरी 1 ते 3 टक्क्यांनी चढला. शेतकऱ्याला बातमीसोबत दुसरा दरवाजाही मिळाला होता, आणि तो आहे हे मंडीतल्या व्यापाऱ्यालाही ठाऊक होतं.

तुमच्यापैकी पुष्कळ जण लवकरच प्रश्नावली घेऊन गावात जाल. ‘भाव कळतो का?’ हा प्रश्न त्यात असेलच. त्याच्याखाली आणखी दोन लिहा: उचल कुणाची घेतलीय, आणि आज माल विकला गेला नाही तर तो रात्री कुठे ठेवणार? मग एक दिवस पहाटेपासून लिलावाला उभे राहा, शेवटची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, फाटेपर्यंत.