डेक्कन क्वीनचा रंग सांगण्याआधी साल सांगा

नमस्कार श्रोतेहो. सकाळी सव्वासातला पुणे स्टेशनवरून डेक्कन क्वीन सुटते हे पुणेकराला सांगावं लागत नाही, पण तिचा रंग कुठला असं विचारलं तर एकाच घरातले आजोबा, वडील आणि नात तीन वेगळे रंग सांगतील, आणि तिघंही बरोबर असतील. म्हणून आम्ही मॉडेल ट्रेनवाले पहिला प्रश्न हाच विचारतो, कुठल्या सालची गाडी करायचीय? रंगाचा डबा त्यानंतर उघडायचा.

ही गाडी सुरू झाली १ जून १९३० ला, तेव्हा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे होती. रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांचा अख्खा संच, असे दोन होते, प्रत्येकी सात डब्यांचे. एक चंदेरी, त्यावर लालभडक पट्ट्या, आणि दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. डब्यांच्या खालच्या चौकटी इंग्लंडहून आल्या आणि वरचे डबे आपल्या माटुंग्याच्या वर्कशॉपमध्ये बांधले. पुण्यापर्यंतची लाइन त्याआधीच विजेवर आली होती, १५०० व्होल्ट डीसी, त्यामुळे या रेकपुढे धूर सोडणारं वाफेचं इंजिन लावलेलं मॉडेल दिसलं की मला फार वाईट वाटतं, कारण इतक्या मेहनतीनं केलेल्या कामात ती एकच गोष्ट सगळं बिघडवून टाकते.

आता जुने फोटो. लोक म्हणतात फोटो बघून रंग मारा, पण तीसच्या आसपासचे फोटो ब्लॅक अँड व्हाइट, आणि तेव्हाच्या बऱ्याच फिल्मना लाल रंग दिसतच नसे, त्या लाल पट्टीला जवळजवळ काळी दाखवायच्या आणि निळा मात्र फिकट राखाडी. म्हणजे फोटोत जो डबा उजळ दिसतो तो कदाचित निळा असेल! हे मला माहीत नव्हतं तेव्हा मी एका फोटोतल्या पट्ट्या काळ्या समजून अख्खा डबा तसा रंगवला होता, आणि नंतर थिनरनं सगळं खरवडून पुन्हा प्रायमरपासून सुरुवात केली. मोल्डिंगची, म्हणजे डब्यावरच्या उठावाची, ती पट्टी माझ्या डब्यावर अर्धा मिलिमीटरसुद्धा भरत नाही, मास्किंग टेप ब्लेडनं चिरून लावायची, एअरब्रशनं दोन हलके हात मारायचे आणि रंग पूर्ण वाळायच्या आत टेप तिरकी ओढून काढायची, उशीर झाला की कड फाटते.

आणखी एक. आमचं बरंचसं काम एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७, खऱ्या गाडीपेक्षा सत्त्याऐंशी पट लहान. टेबलापासून दोन फुटांवर उभं राहून बघितलं तर खरी गाडी पन्नासेक मीटरवरून बघितल्यासारखं होतं, आणि तेवढ्या अंतरावरून कुठलाही रंग जरा मवाळ दिसतो. त्यामुळे खऱ्या डब्याचा हुबेहूब रंग मॉडेलवर मारला की तो बोजड वाटतो, थोडा पांढरा मिसळावाच लागतो. किती, ते ज्या दिव्याखाली गाडी पळणार त्याच दिव्याखाली ठरवायचं.

रुळांचं दुखणं वेगळंच आहे. एचओच्या तयार ट्रॅकमध्ये दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, १६.५ मिलिमीटर, ते परदेशातल्या स्टँडर्ड गेजच्या हिशेबानं. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, त्याला ८७ नं भागलं तर सव्वाएकोणीसच्या आसपास येतं. म्हणजे आपली गाडी त्या ट्रॅकवर पाय जवळ घेऊन उभी राहिल्यासारखी दिसते. काही जण हातानं रूळ टाकतात, त्यांना माझा सलाम. मी चाकं १६.५ वरच ठेवतो, पण चाकांच्या बाहेरची फ्रेम खऱ्या रुंदीची करतो, बाजूनं बघणाऱ्याला फरक कळत नाही.

साध्या गाड्यांच्या रंगाचंही तसंच, आधी साल बघायचं. नव्वदच्या दशकात लाल-तपकिरी डबे जाऊन निळे आले, आणि मधली काही वर्षं एकाच गाडीत दोन्ही असायचे. असा मिक्स रेक केला की लोक चूक काढतात, पण ती चूक नाहीये. फक्त डबा निळा केलात तर टोकाचा होज, म्हणजे ब्रेकचा लोंबता पाइप, पण बघा, जुन्या व्हॅक्यूम ब्रेकचा एकच जाडजूड पाइप आणि एअर ब्रेकचे सहसा दोन बारीक. रंग बदलला आणि पाइप तोच राहिला की जाणकाराच्या लगेच लक्षात येतं.

पण आधी साल बघायचं हे मला खऱ्या अर्थानं शिकवलं ते वडिलांच्या एका मित्रानं. माझा चंदेरी रेक बघायला काका घरी आले होते. डब्याच्या दाराशी मी हौसेनं तिसऱ्या वर्गाचा आकडा लावला होता, तांदळाच्या दाण्याहून लहान. काकांनी चष्मा वर केला, डबा डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, "बाळा, हा आकडा काढ. आम्हाला या गाडीत चढायलाच मिळायचं नाही. लहानपणी मी शिवाजीनगरला उभा राहून नुसती बघायचो." नंतर मी तपासलं. सुरुवातीला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. १ जानेवारी १९४९ ला पहिला वर्ग बंद झाला आणि दुसऱ्यालाच पहिला म्हणायला लागले, तिसरा वर्ग आला जून १९५५ मध्ये, आणि १९७४ ला त्याचं नाव दुसरा झालं. १९६६ ला तर डबेच बदलले, पेरांबूरच्या डब्यांच्या कारखान्यातले स्टीलचे आले, सातांचे बारा झाले.

त्या रात्री मी तो आकडा सुईनं काढला. माझ्या शिवाजीनगरच्या प्लॅटफॉर्मवर आता हाफ पँटमधला एक मुलगा उभा आहे.

कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम १९९८ पासून आहे, मुलांना घेऊन जरूर जा. आणि एक विनंती. जुन्या डेक्कन क्वीनसमोर काढलेला आजी-आजोबांचा फोटो घरात असेल, तर मागचा डबा बघा, दाराजवळचा आकडा बघा, आणि फोटोच्या पाठीवर पेनानं तारीख लिहिलेली असेल तर नवीन अल्बममध्ये चिकटवताना तिच्यावर गोंद लावू नका. नमस्कार.