दुभंगलेला ओठ आणि घराण्यातला कॅन्सर

दुभंगलेला ओठ शिवण्याच्या शस्त्रक्रियेत आधी खुणा. ओठाच्या कडेवर निळ्या शाईचे ठिपके. रक्तस्राव कमी करणारं इंजेक्शन त्यानंतरच, कारण औषधाने ओठ फुगला की खुणा जागच्या हलतात. त्वचा आणि लाल ओठ मिळतात ती रेघ एक मिलिमीटर जरी खालीवर झाली, तरी ती नजरेत भरते. मग आतला स्नायू. तो नाकाच्या बुडाशी भलतीकडेच चिकटलेला असतो. तिथून सोडवून दोन्ही टोकं समोरासमोर शिवायची. नुसती कातडी जोडली तर टाक्यांवर ताण येतो आणि व्रण रुंदावतो.

ही फट पडते गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात. चेहऱ्याचे उंचवटे तेव्हा एकमेकांकडे सरकतात, कडा टेकतात, मधला पेशींचा पातळ पडदा विरतो आणि ओठ एकसंध होतो. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं एक प्रथिन म्हणजे ई-कॅडेरिन. ते घडवणारं जनुक सीडीएच-१.

जठराच्या अस्तरातही तेच प्रथिन काम करतं. जनुकाची एक प्रत जन्मतः बिघडलेली असली आणि पुढे एखाद्या पेशीत दुसरीही निकामी झाली, की त्या पेशीची पकड सुटते. १९९८ मध्ये न्यूझीलंडच्या माओरी कुटुंबांत हा बिघाड आणि जठराचा कॅन्सर यांचा संबंध उघड झाला. नंतर असा बिघाड असलेल्या काही घराण्यांत दुभंगलेले ओठ आणि टाळूही आढळले.

सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी पाहा. केंद्रक एका कडेला ढकललेलं, आकार अंगठीसारखा, आणि प्रत्येक पेशी सुटी. गाठ बनत नाही, वरचं अस्तर निरोगी दिसतं. म्हणून एंडोस्कोपीत जठराच्या निरनिराळ्या भागांतून मिळून सुमारे ३० तुकडे घेतात. तरीही कॅन्सर निसटू शकतो.

बहुतेक दुभंगलेल्या ओठांमागे हा बिघाड नसतो, हे पालकांना पहिल्याच भेटीत सांगायला हवं. सरसकट जनुक-तपासणी नको. तीन पिढ्यांची वंशावळ मात्र प्रत्येक बाळाच्या कागदपत्रांत हवीच. चौकोन पुरुषाचा, गोल स्त्रीचा. ‘पोटाचा कॅन्सर’ एवढ्यावर थांबायचं नाही. जठराचा की आतड्याचा? कितव्या वर्षी? डिफ्यूज, म्हणजे गाठ न होता सुट्या पेशींनी पसरणाऱ्या प्रकारचा होता का? स्तनाचा असेल तर लोब्युलर, म्हणजे दुधाच्या ग्रंथींत सुरू होणारा का? तोही याच बिघाडाशी जोडलेला असतो. आणि उलट बाजूनेही: जठराच्या कॅन्सरच्या रुग्णाला, घरात कुणाचा ओठ किंवा टाळू लहानपणी शिवली होती का, हे विचारायचं. हाच प्रश्न सर्वांत जास्त राहून जातो.

बिघाड सापडलेल्या प्रौढांना बहुधा संपूर्ण जठर काढण्याचा सल्ला मिळतो. स्त्रियांना दरवर्षी स्तनांचा एमआरआय. जठर काढल्यावर थोडंथोडं, अनेकदा खावं लागतं आणि बी-१२ आयुष्यभर घ्यावं लागतं.