इन्स्टॉलेशन कुठे अडले, ते आधी पाहावे

श्रोतेहो, नमस्कार.

संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला घ्यावी, पडद्यावरची पट्टी निम्म्यापर्यंत सरकावी आणि तिथेच थांबावी, माउस हलू नये, कीबोर्डने दाद देऊ नये, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. अशा वेळी बहुतेक जण पॉवरचे बटण दाबून संगणक बंद करतात आणि तेच इन्स्टॉलेशन पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. ते पुन्हा अडते, मग पुन्हा सुरू होते. या खटाटोपातून हाती फारसे काही लागत नाही, कारण इन्स्टॉलेशन चालू असताना त्याच्या बहुतेक नोंदी फक्त रॅममध्ये असतात आणि वीज तोडताच त्या पुसल्या जातात. संगणक ज्या टप्प्यावर थांबला, तो टप्पा हाच दोषाचा सर्वांत भरवशाचा पुरावा असतो. तो पाहून घेतल्याखेरीज काहीही बदलू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पहिला प्रश्न असा की संगणक खरोखर हँग झाला आहे की केवळ संथ चालला आहे. तो सोडवायला कॅप्स लॉकची कळ पुरते. ती दाबल्यावर तिचा दिवा लागत आणि विझत असेल, तर ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, बहुधा जिवंत आहे आणि फक्त वरचा इन्स्टॉलर कशाची तरी वाट पाहत अडकला आहे. दिवा ढिम्म राहिला, तर मामला खोलवरचा आहे. डिस्कचा किंवा पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकत असेल, तर अर्धा-पाऊण तास थांबण्यात नुकसान काहीच नाही. संथ पेन ड्राइव्हवरून विंडोज टाकताना टक्केवारीचा आकडा बराच वेळ एकाच जागी राहतो आणि मग एकदम पुढे सरकतो. घाईने वीज तोडल्यामुळे बिघडलेली इन्स्टॉलेशने काही कमी नसतात.

दिवा प्रतिसाद देत असेल, तर पडद्यामागे काय चालले आहे ते पाहता येते. लिनक्सच्या बहुतेक इन्स्टॉलरांमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-दोन किंवा एफ-तीन या कळा एकदम दाबल्या की काळ्या पडद्याचे कन्सोल उघडते. तिथे डी, एम, ई, एस, जी या पाच अक्षरांची आज्ञा दिली की कर्नलने नोंदवलेले संदेश क्रमाने दिसतात, आणि आपल्याला हवे असतात ते अगदी शेवटचे. विंडोजच्या सेटअपमध्ये शिफ्ट आणि एफ-दहा दाबल्यावर कमांड प्रॉम्प्ट उघडतो आणि पँथर नावाच्या फोल्डरमध्ये सेटअपने लिहिलेल्या लॉग फाइली, म्हणजे नोंदींच्या फाइली, सापडतात. कन्सोल उघडतच नसेल, तर लिनक्ससाठी आणखी एक मार्ग आहे. सुरुवातीच्या मेनूत ई ही कळ दाबून बूटच्या ओळीतले, म्हणजे संगणक सुरू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचनांच्या ओळीतले, क्वाएट आणि स्प्लॅश हे दोन शब्द काढावेत. मग शोभेच्या चित्राऐवजी संदेशांच्या ओळी पडद्यावर येत राहतात आणि संगणक ज्या ओळीवर थांबेल तिचा मोबाइलने फोटो काढून ठेवता येतो. मदत मागायची वेळ आली, तर ‘माझा संगणक हँग होतो’ या वाक्यापेक्षा तो एक फोटो समोरच्या जाणकाराला कितीतरी अधिक सांगतो.

आता मी ज्याला सर्वांत जास्त महत्त्व देतो त्या निरीक्षणाकडे वळतो. दुसऱ्या प्रयत्नात संगणक नेमका त्याच जागी थांबला की वेगळ्या जागी? हे तपासण्यासाठी केलेला दुसरा प्रयत्न वाया जात नाही, मात्र दोन्ही प्रयत्नांच्या मध्ये काहीही बदललेले नसावे. जागा दर वेळी तीच असेल, तर संशय ठरावीक गोष्टींवर जातो: सदोष इन्स्टॉलेशन फाइल, एखादा ड्रायव्हर (संगणकाचा एखादा भाग चालवणारा प्रोग्रॅम), डिस्कवरचा एखादा खराब भाग. जागा दर वेळी बदलत असेल, एकदा दहा टक्क्यांवर, एकदा सत्तरवर, एकदा भाषा निवडतानाच, तर दोष बहुधा रॅमचा, तापमानाचा किंवा वीजपुरवठ्याचा असतो.

रॅमबद्दल थोडे विस्ताराने बोलायला हवे, कारण ‘एरवी तर हा संगणक नीट चालतो’ हा आक्षेप हमखास येतो. रोजच्या वापरात रॅमचा मोठा भाग रिकामा किंवा तुलनेने निवांत राहू शकतो. इन्स्टॉलेशनच्या वेळी मात्र काही गीगाबाइटचा दाबून भरलेला मजकूर रॅममध्ये उलगडला जातो आणि तिथून डिस्कवर लिहिला जातो. त्या वाटेवर एक बिट जरी चुकीचा वाचला गेला, तरी उलगडलेला भाग बिघडतो आणि इन्स्टॉलर कोलमडतो किंवा पुढे सरकतच नाही. हे तपासण्यासाठी मेमटेस्ट८६+ हा मोफत प्रोग्रॅम आहे. त्याचा मूळ पूर्वज मेमटेस्ट८६ हा 1994 पासूनचा, आणि 2022 मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून मेमटेस्ट८६+ युईएफआय या सुरू होण्याच्या नव्या पद्धतीच्या संगणकांवरही थेट चालतो. तो पेन ड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरून सुरू करावा आणि किमान एक पूर्ण फेरी होऊ द्यावी. रात्रभर चालू ठेवता आला तर उत्तम. लाल अक्षरांत एकही चूक दिसली, तर ‘एकच तर आहे’ असे म्हणून सोडून देऊ नये, कारण निर्दोष रॅममध्ये चुकांची संख्या शून्यच असायला हवी. चूक दिसल्यास बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, एक्सएमपीसारखी रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग चालू असेल तर ती बंद करून चाचणी पुन्हा घ्यावी, आणि नंतर एका वेळी रॅमची एकच पट्टी बसवून दोषी कोणती ते ठरवावे.

जागा तीच असेल आणि ती अगदी सुरुवातीची असेल, म्हणजे मेनूतून पर्याय निवडला आणि पडदा काळा पडला किंवा बोधचिन्हावरच सारे थांबले, तर लिनक्सच्या बाबतीत मी आधी ग्राफिक्सकडे पाहीन. पडद्याचा मोड, म्हणजे चित्र किती स्पष्टतेने दाखवायचे ते, ठरवण्याचे काम आता कर्नल स्वतः करतो. 2009 साली आलेल्या 2.6.29 या आवृत्तीत इंटेलच्या ग्राफिक्ससाठी ही सोय प्रथम आली आणि पुढे इतर कार्डांनाही मिळाली. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी कर्नलमध्ये नूवो नावाचा मुक्त ड्रायव्हर असतो आणि काही कार्डांशी, विशेषतः अगदी नव्या कार्डांशी, त्याचे जमत नाही. अशा वेळी बूटच्या ओळीत नोमोडसेट हा एक शब्द जोडला की कर्नल ग्राफिक्सचा ड्रायव्हर बाजूला ठेवून फर्मवेअरने, म्हणजे संगणकातच साठवलेल्या मूळ प्रोग्रॅमने, दिलेल्या साध्या पडद्यावर काम चालवतो आणि इन्स्टॉलेशन पुढे जाते. हा उपाय तात्पुरता आहे, हे विसरू नये. सिस्टिम बसल्यानंतर योग्य ड्रायव्हर टाकून तो शब्द काढला नाही, तर पडद्याची स्पष्टता कमी राहते आणि सगळे ग्राफिक्स रखडत चालते. विंडोजचा सेटअप मुळातच साधा डिस्प्ले ड्रायव्हर वापरतो, म्हणून तिथे हे कारण क्वचित आढळते.

फाइलींची नक्कल होताना अडत असेल, तर आधी उतरवून घेतलेली आयएसओ फाइल, म्हणजे संपूर्ण इन्स्टॉलेशन ज्यात असते ती फाइल, तपासावी. प्रकाशक तिच्यासोबत शा-२५६ पद्धतीचा चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण, देतात. ती 64 अक्षरांची मालिका असते. विंडोजमधील सर्टयुटिल या आज्ञेने आपल्या फाइलचा चेकसम काढून दोन्ही मालिका ताडून पाहाव्यात. एक अक्षर जरी वेगळे असेल, तरी फाइल पुन्हा उतरवून घ्यावी. फाइल बरोबर असेल, तर पेन ड्राइव्ह बदलावा आणि तो दुसऱ्या पोर्टमध्ये, शक्यतो संगणकाच्या मागच्या बाजूच्या, लावून पाहावा.

फक्त मान्य डिजिटल सही असलेलीच सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय म्हणजे सिक्युअर बूट. ‘सिक्युअर बूट बंद करा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या मते तो या दोषाला बहुधा लागू पडत नाही, कारण सिक्युअर बूटला सही मान्य नसेल तर संगणक सुरुवातीलाच नकार देतो आणि सहसा तसा संदेशही दाखवतो. निम्म्यावर अडणे हे त्याचे लक्षण नव्हे. इन्स्टॉलर पॅकेजेस उतरवताना थांबत असेल, तर इंटरनेट तोडून पाहावे. अद्यतने नंतरही घेता येतात. लिनक्सचा इन्स्टॉलर अगदी शेवटी, बूटलोडर म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम बसवताना, अडत असेल, तर तो जोडलेल्या सगळ्या डिस्कांवर इतर सिस्टिम शोधत असतो. म्हणून जास्तीच्या डिस्का काढून ठेवाव्यात.

राहिली डिस्क. डिस्कवरचा एखादा भाग वाचता येत नसेल, तर ती तो पुन्हा पुन्हा वाचून पाहते. लिनक्स साधारणपणे एका आज्ञेच्या उत्तराची 30 सेकंद वाट पाहते, मग जोडणी नव्याने सुरू करते आणि पुन्हा विचारते. हे चक्र चालू असताना वापरणाऱ्याला संगणक पूर्ण हँग झाल्यासारखा वाटतो. कन्सोलमधल्या संदेशांत आय-ओ एरर, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली चूक, हे शब्द दिसले, तर स्मार्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डिस्कच्या स्वतःच्या आरोग्यनोंदी तपासाव्यात. हार्ड डिस्कवर वाचण्यासाठी प्रलंबित असलेल्या सेक्टरांचा, म्हणजे डिस्कच्या छोट्या भागांचा, आकडा शून्यापेक्षा जास्त असेल आणि त्या डिस्कवर तुमचा महत्त्वाचा मजकूर असेल, तर इन्स्टॉलेशन त्याच क्षणी थांबवावे आणि आधी तो मजकूर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावा. दुरुस्तीचे प्रोग्रॅम त्यानंतर.

कारण सापडले आणि दूर झाले की नवा प्रयत्न सुरू करण्याआधी एक काम उरते. अर्धवट इन्स्टॉलेशनने डिस्कवर आपली पार्टिशन्स, म्हणजे डिस्कचे वेगळे कप्पे, करून ठेवलेली असतात, आणि त्यांच्यावरच पुढचे इन्स्टॉलेशन रचले तर जुना बिघडलेला अंश नव्यात मिसळू शकतो. ती पार्टिशन्स आकारावरून आणि नावावरून नीट ओळखून, तुमचा मजकूर असलेल्या पार्टिशनला हात न लावता, तेवढीच पुसावीत आणि मोकळ्या झालेल्या जागेत सिस्टिम नव्याने टाकावी.