बोयारांची पंगत

नमस्कार श्रोतेहो. सतराव्या शतकातलं मॉस्को. झारच्या घरची मेजवानी आहे आणि एक दाढीवाला सरदार काही केल्या जागेवर बसत नाही. दोघं-तिघं त्याला धरून बसवतात, तो ओरडतो, ‘झारनं मुंडकं उडवलं तरी चालेल, पण मी याच्या खालच्या जागेवर बसणार नाही!’ आणि सरळ टेबलाखाली घसरतो. हे वर्णन ग्रिगोरी कोतोशिखिन या सरकारी कारकुनाचं. तो स्वीडनला पळून गेला आणि तिथं बसून त्यानं मॉस्कोच्या दरबाराचं सगळं बिंग लिहून ठेवलं.

हा रुसलेला सरदार म्हणजे बोयार. बोयार ही रशियातली सर्वांत वरची दरबारी पदवी. बल्गेरियातही हा शब्द होता, रुमानियातही गेला. पदवी झार द्यायचा, पण दरबारातली जागा ठरायची ती पूर्वजांवरून. माझा आजा तुझ्या आजाच्या हाताखाली लढला नसेल, तर मी तुझ्या हाताखाली का लढावं? या हिशेबाला म्हणत ‘मेस्तनिचेस्त्वो’. ‘मेस्तो’ म्हणजे जागा. लग्नातला मानपान आपण जाणतोच. इथं त्याच्या सरकारी वह्या होत्या आणि त्यापायी ऐन लढाईत सेनापती भांडायचे.

यातून दिमित्री पोझार्स्कीही सुटला नाही. १६१२ मध्ये त्यानं पोलिश फौजेकडून मॉस्को सोडवलं. पुढच्याच वर्षी नव्या झारच्या आईकडचा एक नातलग, बोरिस साल्तिकोव्ह, बोयार झाला. ती पदवी जाहीर करायचं काम पोझार्स्कीवर आलं. हे काम केलं की आपलं घराणं साल्तिकोव्हपेक्षा खालचं, हे कबूल केल्यासारखं. प्रकृती बरी नाही असं सांगून तो घरी गेला. तक्रार झाली, निकाल विरुद्ध लागला आणि त्याला साल्तिकोव्हच्या स्वाधीन करण्यात आलं.

ही शिक्षा मोठी मजेशीर. हरलेल्या माणसाला घोड्यावर बसू न देता, पायी, जिंकलेल्याच्या वाड्यावर नेऊन पायरीपाशी उभं करायचे. कोतोशिखिन सांगतो, तिथं त्यानं यजमानाला हव्या तितक्या शिव्या घालाव्यात. यजमानानं मात्र गप्प राहायचं. मला तर ही सोय फार आवडली.

१६८२ मध्ये झार फ्योदोरनं ही प्रथाच मोडली आणि मानपानाच्या वह्या जाळून टाकल्या. १६९८ मध्ये युरोप बघून आलेल्या झार पीटरनं बोयारांच्या दाढ्या कापल्या. मग नवे बोयार करणंच हळूहळू थांबलं. मागे उरला ‘बोयार’वरून आलेला ‘बारिन’ हा शब्द, कुळं मालकाला हाक मारायची तो.

मॉस्कोच्या लाल चौकात १८१८ पासून एक पुतळा आहे. त्यात पोझार्स्कीचा साथीदार मिनिन, मांसाचा व्यापारी, हात उंचावून उभा आहे. पोझार्स्की बसलेला आहे.