जखम भरते की ओढली जाते?

(अंगठा कॅमेऱ्याजवळ) हा व्रण दिसतोय? तांदळाच्या दाण्याएवढा. चवथीच्या आदल्या दिवशी आदोळीवर नारळ खवताना कातडीचा टवकाच उडाला होता, चांगला वाटाण्याएवढा. आई म्हणाली, "भरून येईल." आपण जखम 'भरते' म्हणतो. मग वाटाण्याचा तांदूळ कसा झाला? कडा ओढल्या गेल्या म्हणून.

गोव्यात मांद्र्याच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं भलंमोठं जाळं, ओढताना पाहिलीय? दोर हातात, टाचा वाळूत रुतवलेल्या. टाच घसरली की जोर फुकट. जखमेतही तेच. आधी रक्त गोठून फायब्रिनचं जाळं होतं. काही दिवसांत आजूबाजूच्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे कातडीतले धागे विणणाऱ्या पेशी, तिथे सरपटत येतात. त्यांची टाच म्हणजे इंटिग्रिन. हे प्रथिन पेशीच्या आवरणातून आरपार गेलेलं असतं. बाहेरून ते फायब्रोनेक्टिन नाहीतर कोलॅजेनचा धागा पकडतं, आतून पेशीतल्याच ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या दोरांना जोडलेलं असतं. दोर आखडले की बाहेरचा धागा ओढला जातो.

हे डोळ्यांना दिसतं बरं का! १९८० मध्ये अल्बर्ट हॅरिस आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या पातळ पापुद्र्यावर पेशी वाढवल्या, तर पापुद्र्याला चक्क सुरकुत्या पडल्या. एवढ्याशा पेशीची ओढ!

आता खरी गंमत. ओढून ओढून जाळं ताठ होतं, आणि ताठ जाळ्यावर पेशीची पकड आणखी पक्की होते. त्या ताणानेच जाळ्यात दडवून ठेवलेलं टीजीएफ-बीटा, म्हणजे पेशींना निरोप देणारं एक प्रथिन, मोकळं होतं. दोन्ही मिळून साध्या फायब्रोब्लास्टचा मायोफायब्रोब्लास्ट होतो, म्हणजे अर्धा स्नायूच. जुलिओ गाबियानींच्या गटाने तो १९७१ मध्ये दाखवला.

पुढे डागडुजी. घाईत विणलेलं तिसऱ्या प्रकारचं कोलॅजेन एन्झाइम कापत जातात, जागी पहिल्या प्रकारचं, जाड, ताणाच्या दिशेने लागतं. तरी व्रणाची ताकद मूळ कातडीच्या ८० टक्क्यांच्या आसपासच थांबते.

काम झालं की मायोफायब्रोब्लास्टनी मरायचं असतं. पण भाजल्यावर, विशेषतः सांध्यावर, ते ओढतच राहतात आणि बोट वाकडं होतं. म्हणून तिथे स्प्लिंट, म्हणजे सांधा सरळ धरून ठेवणारी पट्टी, बांधतात. घामाने खाज सुटते, मान्य, आपल्याकडच्या मे महिन्यात तर नकोसं होतं. पण डॉक्टरांना न विचारता ते काढून ठेवू नका. वरून जखम कोरडी दिसली, तरी आत महिनोन्‌महिने रापण चालूच असते.