टाइम कॅप्सूल पुरू नका, कपाटात ठेवा

श्रोतेहो, नमस्कार.

टाइम कॅप्सूल म्हणजे आजच्या आठवणीच्या वस्तू डब्यात बंद करून ठेवायच्या आणि काही वर्षांनी उघडायच्या. मुलांसाठी ती करायची म्हटलं की घरात पहिला प्रश्न निघतो, खड्डा कुठे खणायचा? सांगली-मिरजेकडे राहत असाल तर खणूच नका. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्या ओढाताणीत डब्याच्या झाकणाचा जोड सैल होतो. त्यात कृष्णेचा पूर. २००५, २०१९, २०२१ ही सालं नदीकाठच्या गल्ल्यांना वेगळी सांगायला नकोत. अमेरिकेत टल्सा शहरात १९५७ साली एक कोरी मोटार काँक्रीटच्या कोठीत पुरली होती. २००७ मध्ये कोठी उघडली, तर पाणी शिरून गाडी गंजून गेलेली. काँक्रीटची ही गत, मग परड्यातल्या खड्ड्याचं काय सांगावं!

तेव्हा जागा म्हणजे आतल्या भिंतीचं कपाट, वरचा कप्पा. पत्र्याखालचा माळा नको, तिथं उन्हाळ्यात वस्तू भाजून निघतात.

डबा दोन लिटरचा, घट्ट झाकणाचा घ्या. तळाशी त्रिकोणात ५ आकडा असेल तर ते प्लास्टिक चालतं. तो स्टीलच्या मोठ्या डब्यात ठेवा. नुसता स्टीलचा डबा हवाबंद नसतो. आत सिलिका जेलच्या दहा-दहा ग्रॅमच्या दोन नव्या पुड्या टाका. बुटांच्या खोक्यातल्या जुन्या पुड्या बहुधा आधीच ओलावा पिऊन बसलेल्या असतात. भरायचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका. जुलैत भरलात तर पावसाळी दमट हवाच आत कोंडाल.

आता आत काय? इथं मुलांचंच ऐका, पण काही गोष्टींवर नजर ठेवा. एसटीच्या मशीनचं तिकीट किंवा दुकानाचं बिल उष्णतेनं उमटणाऱ्या कागदावर छापलेलं असतं. काही वर्षांत ते कोरं होतं. त्याची झेरॉक्स काढा आणि तीच ठेवा. ती मऊ प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये मात्र घालू नका, अक्षरं प्लास्टिकला चिकटून येतात. भडंगाची रिकामी पिशवी हवीच असेल तर साबणानं धुऊन दोन दिवस वाळवा. तेलाचा अंश राहिला की झुरळं आणि मुंग्या आल्याच. हळकुंड, बेदाणे, चॉकलेट काही नको. खेळण्यातले सेल काढून घ्या, ते गळतात. रबरबँड वितळल्यासारखा चिकट होतो, चिकटपट्टीचा डाग पडतो, टाचणी गंजते. बांधायला साधा सुती दोरा बरा.

चिठ्ठी पेन्सिलनं लिहू द्या. स्केचपेनचा रंग उडतो, पेन्सिलचा शिसा टिकतो. मेणखडूच्या चित्रावर बटर पेपर ठेवा, नाहीतर चित्र शेजारच्या कागदावर उमटतं. मुलाच्या उंचीएवढा कापलेला दोरा ठेवा आणि उंची सेंटिमीटरमध्ये चिठ्ठीवर लिहा, कारण दोरा आखडू शकतो. पेनड्राइव्हवर भिस्त ठेवू नका. मुलाच्या गप्पा रेकॉर्ड केल्या असतील तर त्या कागदावरही उतरवा.

आणि सगळ्यात जास्त चुकतं ते इथं. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी हवी: ही काय आहे, कुणी दिली, केवढ्याला आली. गोटी सगळ्यांना ओळखू येईल, पण ती कुणाकडून जिंकली हे चिठ्ठीच सांगणार.

मुदत किती? आठ वर्षांच्या मुलाला दहा वर्षं पुरे. १५ ऑगस्ट १९७३ रोजी दिल्लीच्या लाल किल्ल्यात हजार वर्षांसाठी कालपात्र, म्हणजे टाइम कॅप्सूलच, पुरलं. सरकार बदललं आणि १९७७ मध्ये ते उकरून काढलं गेलं. आपल्याकडे सरकार नाही, पण धाकटं भावंड असतंच! म्हणून झाकणाच्या कडेवर कागदाची पट्टी चिकटवून त्यावर मुलाची सही घ्या. वस्तूंची यादी दोन प्रतींत करा. एक आत, दुसरी घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये, उघडायची तारीख आणि डबा कुठे ठेवला ते लिहून. घर बदललं तर त्या दुसऱ्या प्रतीवर नवी जागा तेव्हाच लिहा.